चासी नंबरावरचा मारुती

गाडी विकत घेताना माणूस आधी गाडी पाहतो. टायरला लाथ मारतो, दार उघडून धाडकन लावतो, बॉनेटखाली डोकं घालून काहीएक कळलेलं नसताना "हं" म्हणतो. गारखेड्याच्या व्यंकटराव धानोरकरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी कागद पाहिले. गाडी होती तंजावरला, बारा-तेराशे किलोमीटर लांब, आणि कागद होते त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. पाटबंधारे खात्यात व्यंकटरावांची चौतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. एवढ्या काळात त्यांनी एकही धरण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं आणि धरणांचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. तेव्हा एक गाडी पाहायला तंजावरपर्यंत जाणं हा त्यांना आपल्या सबंध नोकरीचा अपमान वाटला.

"आर. सी. मूळ प्रत आहे, ना हरकत प्रमाणपत्र आहे, वारसाचं प्रतिज्ञापत्र आहे, सह्या सगळ्या निळ्या शाईत आहेत," ते आपल्या पत्नीला, मीनाक्षीबाईंना, म्हणाले. "अशा कागदांची गाडी वाईट असूच शकत नाही."

"चाकं आहेत का?" मीनाक्षीबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"चार. तशी नोंद आहे."

आता चौसष्ट साली रस्त्यावर आलेली अँबॅसेडर एका निवृत्त माणसाला कशाला हवी होती, हे सांगायला हवं. ती त्यांना स्वतःसाठी नकोच होती. ती हवी होती लासूर स्टेशनच्या रामकिसनबुवांसाठी.

ज्यांनी रामकिसनबुवांचं कीर्तन ऐकलं आहे त्यांना काही सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. तरी सांगतो. बुवा पूर्वरंगाला उभे राहिले की पहिल्या चरणालाच मंडपातल्या बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या थांबत. उत्तररंगात द्रौपदी हाक मारू लागली की देव येणार हे पाठ असलेली माणसंसुद्धा येतो की नाही या काळजीनं पुढं सरकत. असे बुवा सहा वर्षांपूर्वी अचानक घरी बसले. कुठं जात नाहीत, कुणाला भेटत नाहीत. व्यंकटराव गारखेड्यातल्या आपल्या कॉलनीच्या विठ्ठल मंदिराचे चिटणीस. त्या दुष्काळाच्या वर्षी, दोन हजार तेराला, त्यांच्या मनानं घेतलं की नळाला पाणी चौथ्या दिवशी येवो की पाचव्या, अक्षय्य तृतीयेला बुवांचं कीर्तन झालं पाहिजे. ते नारळ घेऊन लासूरला गेले.

बुवा म्हणाले, "कंबर गेली हो, व्यंकटराव. आताच्या या उंच गाड्यांत चढवत नाही, बसवत नाही. जुनी अँबॅसेडर असती, ती सोफ्यासारखी, तर आलो असतो."

दुसऱ्या कुणालाही यातला नकार ऐकू आला असता. व्यंकटरावांना मागणी ऐकू आली. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाला काही ना काही हवंच असे. नुसतं 'नको' म्हणायला कुणी कागद खर्च करत नसे. परतीच्या एस.टी.त त्यांनी डायरीत लिहिलं: 'अट : अँबॅसेडर, जुनी. पूर्तता करणे.'

आणि पूर्ततेला देवच धावला म्हणायचं. भक्तिमार्गाच्या एका मासिकात, एकादशीच्या माहितीखाली, चौकटीत छापून आलं होतं : 'कीर्तनकारांच्या सेवेत असलेली अँबॅसेडर योग्य हाती देणे आहे.' खाली तंजावरचा पत्ता आणि नाव तुळजाराव. हे तुळजारावही निवृत्त हेडक्लार्क, महसुलातले. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडून जाताना जी मराठी बरोबर घेऊन गेले ती त्यांनी फार वापरून झिजू दिलेली नव्हती. 'वाहन सुखरूप असे,' त्यांनी लिहिलं. 'तीर्थरूपांनी त्यास लेकरापरी जपिले. चासीच्या अंकाचा पेन्सिलीने काढिलेला ठसा सोबत जोडिला आहे.' व्यंकटरावांनी पत्र तीनदा वाचलं. दोन हेडक्लार्क एकमेकांना भेटले की जी माया दाटते ती प्रेमिकांनाही ठाऊक नसते. ते एकमेकांना जोडपत्रं पाठवत राहिले आणि महिन्याभरात व्यवहार पुरा झाला.

फाल्गुनाच्या अखेरीस गाडी आली. ट्रकवर बसून आली आणि नेमकी पाण्याचा टँकर यायच्या वेळी आली. ट्रक गल्लीत अडकला, टँकर मागं अडकला, आणि हंडे-कळश्या घेऊन उभ्या असलेल्या पंचवीस-तीस बायकांनी व्यंकटरावांच्या स्वप्नाचं पहिलं दर्शन घेतलं ते दातओठ खात.

"हे काय आणलं?" समोरच्या पुंडलिकरावांनी विचारलं. पुंडलिकराव एस.टी.तले निवृत्त वाहतूक नियंत्रक. अजूनही ते साधं वाक्य बोलले तरी कुठली तरी गाडी फलाटावर लागल्यासारखी वाटे.

"अँबॅसेडर. बुवांसाठी."

"अहो, एवढ्या पैशात बुवांना विमानानं आणलं असतं."

"लासूर स्टेशनहून?"

पुंडलिकरावांनी विचार केला आणि विषय बदलला. "डिझेलवर चालते की पेट्रोलवर?"

बीड बायपासला गॅरेज असलेले अन्सारभाई आले. त्यांनी बॉनेट उघडलं, आत बराच वेळ पाहिलं, काही बोलले नाहीत, दोन-तीन पाईप बदलले, आणि तिसऱ्या दिवशी गाडी अशी सुरू झाली की व्यंकटराव मीनाक्षीबाईंना म्हणाले, "पाहिलंत? कागद चांगले होते."

खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी होती. गाडी चालत होती, बुवा चाळीस किलोमीटरवर होते आणि अक्षय्य तृतीया सात आठवड्यांवर होती. "तशीच चालवा की," पुंडलिकराव म्हणाले. "ना हरकत आहे ना? मग महिनाभर कोण अडवतंय?" पण व्यंकटरावांना ते पटेना. गाडी अजून तुळजारावांच्या स्वर्गवासी तीर्थरूपांच्या नावावर होती. बुवांसारख्या माणसाला मयताच्या नावावरच्या गाडीत बसवायचं? गाडी आपल्या नावावर झाल्याशिवाय लासूरच्या दिशेला तिचं तोंडसुद्धा करायचं नाही, असा त्यांनी मंदिरात विठ्ठलासमोर नेम केला. देवापुढं बोललेलं मागं घेता येत नाही. तशी त्याच्याकडं तरतूदच नाही.

आरटीओच्या खिडकीमागं एक मुलगी बसली होती, त्यांच्या लेकीच्या, मृण्मयीच्या वयाची. तिनं फाईल उघडली. व्यंकटराव हात मागं बांधून प्रसन्नपणे उभे राहिले. फाईलला अनुक्रमणिका होती, पानांना क्रमांक होते, टाचण्या सगळ्या एकाच कोनात होत्या. अशी फाईल आपल्याकडं आली असती तर आपण उठून उभे राहिलो असतो, असं त्यांना वाटत होतं. मुलगी उठली नाही. तिनं एक चिठ्ठी लिहून फाईलला लावली आणि ती परत सरकवली.

चिठ्ठीवर वर लिहिलं होतं : 'त्रुटी'.

चौतीस वर्षं हा शब्द व्यंकटरावांनी दुसऱ्यांना लिहून दिला होता. मोठमोठे कंत्राटदार त्यांच्या हातची ती दोन अक्षरं पाहून खुर्चीत बसत. आज तो शब्द स्वतःच्या फाईलवर पाहून त्यांना कुणीतरी भर बाजारात डोक्यावरची टोपी काढून घेतल्यासारखं झालं. ते बाकावर बसले. शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "पहिल्यांदाच आलात का, काका?"

"हो," व्यंकटराव म्हणाले. "या बाजूनं पहिल्यांदाच."

त्रुटी दोन होत्या. पहिली, मृत्यूचा दाखला तमिळमध्ये होता, त्याचं भाषांतर पाहिजे. दुसरी, चासी नंबरचा ठसा. गाडीच्या लोखंडावर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची म्हणजे नंबर कागदावर उमटतो, तो ठसा. तुळजारावांनी जोडलेला ठसा त्यांच्या वडिलांनी एक्क्याण्णव साली काढून ठेवलेल्या ठशाची झेरॉक्स होती. "ताजा पाहिजे," मुलगी म्हणाली. "आणि नंतर साहेब गाडी समोर पाहून सही करतील."

दाखल्याचं काम इडलीच्या गाडीवर झालं. गजानन मंदिराजवळच्या अण्णांनी हात पुसून दाखला घेतला, ओठ हलवत वाचला आणि म्हणाले, "इसमें लिखा है, मालक मर गया." व्यंकटरावांनी सांगितलं की एवढं आपल्यालाही माहीत आहे, शब्दशः पाहिजे. मग अण्णांनी शब्दशः सांगितलं, अकरा दिवस सांगितलं, कारण सकाळच्या गर्दीत त्यांना दिवसाला दोनच ओळी जमत आणि व्यंकटराव संकोचानं रोज एक प्लेट खात. भाषांतर पुरं झालं तेव्हा मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आता तुमच्या ढेकरालाही सांबाराचा वास येतो."

उरला ठसा. व्यंकटरावांनी मऊ पेन्सिल आणली, पातळ कागद आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बॉनेट उघडलं.

आत मारुती होता.

म्हणजे मूर्ती नव्हती. इंजिनाच्या मागच्या उभ्या पत्र्यावर, जिथं नंबर असायला हवा तिथं, पसाभर शेंदूर होता. एकावर एक थर चढून तो बोटभर जाड झालेला, वर गोलसर, खाली निमुळता, मधोमध नाकासारखा उंचवटा. वेशीवरच्या मारुतीचं तोंड ज्यानं पाहिलं आहे त्याला हे तोंड अनोळखी नव्हतं. एका बाजूला वाळलेलं फूलही चिकटलेलं होतं. व्यंकटरावांचे हात आपोआप जोडले गेले. पेन्सिल रेडिएटरमागं कुठंतरी पडली.

त्यांनी अन्सारभाईंना फोन केला. "बॉनेटखाली..."

"हौ, हनुमानजी," अन्सारभाई म्हणाले. "पहिल्या दिवशीच देखा साब. मैं समझा आपने बिठाए."

"नंबर त्याच्याखाली आहे, अन्सारभाई. तेवढा थर काढून द्याल का?"

"साब, मी नट काढतो, बोल्ट काढतो. गियरबॉक्स म्हणाल तर आत्ता उतरवतो. तुमचा देव मेरेकू नक्को उतरवायला सांगू. कल को गल्लीत कायकू झगडा."

एवढं बोलणं होईपर्यंत धुणंभांड्याला येणाऱ्या चंपाबाई अंगणात येऊन उभ्या होत्या. त्यांनी बॉनेटखाली पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि पायातल्या चपला काढल्या.

"काका, ह्यो कवा आला?"

"ट्रकनं आला. फाल्गुनात."

"अन् तुमी त्याला तसाच ठिवला? दिव्याबिगर?"

याचं उत्तर देऊन उपयोग नव्हता, कारण चंपाबाई पाच घरची भांडी घासत आणि पाचव्या घरापर्यंत बातमी पोचायला त्या दिवशी भांडी घासावी लागली नाहीत. शनिवारी सकाळी अंगणात सतरा बायका, नऊ बाप्ये आणि रुईच्या पानांच्या एवढ्या माळा होत्या की गाडीला बॉनेट लावता येईना. कुणीतरी तेल वाहिलं. ते थेट कार्ब्युरेटरमध्ये गेलं. पुढच्या शनिवारी लोक पुंडलिकनगरहून आले. त्यांना रांगेत लावायला पुंडलिकराव शिट्टी घेऊन उभे राहिले. सहा वर्षांनी शिट्टी हातात आल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की व्यंकटरावांना त्यांना घरी जा म्हणवेना. तिसऱ्या शनिवारी पुंडलिकरावांनीच सराफ्यातून चांदीचे डोळे आणले आणि मेणानं चिकटवले. आता तो शेंदूर राहिला नाही. आता तो पाहू लागला.

"काढतो म्हणा, पाहू," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "त्याच्याकडं पाहून म्हणा."

व्यंकटरावांनी पाहिलं. म्हणवलं नाही.

मंदिराच्या पुजाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "शेंदूर आपण काढायचा नसतो. तो देवानं आपणहून सोडायचा असतो. आणि सोडला तर वाहत्या पाण्यात विसर्जन." त्या वर्षी कायगावला गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती.

अक्षय्य तृतीयेला बारा दिवस उरले तेव्हा व्यंकटरावांनी शेवटचा उपाय केला. अन्सारभाईंना चालवायला बसवलं आणि मारुतीसकट गाडी आरटीओच्या मैदानात नेली. साहेब समजूतदार असतील, पाहतील, आणि कागदावर 'नंबर देवाखाली सुरक्षित आहे' असा काहीतरी शेरा मारतील, अशी त्यांना आशा होती. असा शेरा त्यांनी स्वतः कधीच मारला नसता, हे त्यांच्या लक्षात होतं. पण माणूस खिडकीच्या या बाजूला आला की त्याचा न्यायावर फार विश्वास बसतो.

साहेब आले. बॉनेट उघडलं. साहेबांनी एक पाऊल मागं घेतलं आणि बूट काढले. चैत्राच्या अखेरची दुपार, बेचाळीस डिग्री, खाली डांबर. साहेब नमस्कार करत एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. मागं रांगेतल्या ट्रकचे ड्रायव्हर उतरून आले आणि त्यांनीही चपला काढल्या. थोड्याच वेळात त्या मैदानात बारा-पंधरा माणसं हात जोडून जागच्या जागी नाचत होती. लांबून पाहणाऱ्याला इथं एखादा उत्सव आहे असं वाटलं असतं.

बूट घालून साहेब म्हणाले, "धानोरकर, हे खरवडून काढा असं मी लिहून देऊ शकत नाही. माझी आई शनिवार करते. आणि नंबर पाहिल्याशिवाय सहीही करू शकत नाही. तुम्ही पाटबंधाऱ्यात होतात ना? तुम्ही काय केलं असतं?"

व्यंकटरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "त्रुटी लिहिली असती."

साहेबांनी त्रुटी लिहिली.

त्या संध्याकाळी व्यंकटरावांना जेवण गेलं नाही. लोक हसले तर हसोत, पण बुवांची अट आपण पुरी करू शकलो नाही हे त्यांना लागलं होतं. तंजावरला त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि चौतीस वर्षांचा नियम मोडून, लेखी काही न देता, फोन केला. मारुतीची स्थापना कुणी केली, कोणत्या मुहूर्तावर केली, उठवण्याचा काही विधी आहे काय, हे सगळं त्यांनी विचारलं.

"मारुती?" तुळजाराव म्हणाले. "कैंचा मारुती?"

व्यंकटरावांनी वर्णन केलं. पलीकडून आधी काही ऐकू येईना, मग ते वृद्ध गृहस्थ हसत आहेत हे लक्षात आलं. "तो गंजाचा लेप असे हो. आम्हांकडील हवा फार ओली. लोखंडास गंज चढे, अंक झिजोन जाती. म्हणोन तीर्थरूप दर वर्षी दसऱ्यास तेलात शेंदूर कालवोन त्यावर लाविती. पुढे आईने एके वर्षी फूल ठेविले. तीर्थरूप म्हणाले, असो."

दुसऱ्या दिवशी अन्सारभाईंनी मान डोलावली. शेंदूर तेलात कालवून लोखंडाला लावला की गंज धरत नाही, त्यांचे वालिद जुन्या गाड्यांच्या पत्र्याला हेच लावायचे. "पण साब, आता तो डोळे लावून बसलाय. आता लोकांना प्रायमर म्हणून सांगणार कोण?"

सांगायला व्यंकटरावच गेले. शनिवारच्या रांगेसमोर, गाडीच्या शेजारी उभं राहून, त्यांनी सगळी हकिकत सांगितली, तारखांसह. पुंडलिकरावांच्या तोंडातली शिट्टी खाली आली. व्यंकटरावांना वाटलं, आता आपल्याला ही गल्ली सोडावी लागणार.

चंपाबाई पुढं आल्या. "मंग काय झालं?" त्या म्हणाल्या. "हळद आपण जखमेला बी लावतो अन् द्येवाला बी लावतो. पन्नास वरीस लोखंडाला गंज धरू दिला नाय त्यानं. तुमच्याच्यानं झालं असतं व्हय?"

"नाही," व्यंकटराव म्हणाले.

"मंग त्यो द्येवच. पर त्याचं काम झालं आसंल इथलं, तर त्याला देवळात बसवा. सळई नाय लावायची, पाना नाय लावायचा. तुमच्या हातानं उतरवा, तेलानं. तेलानं चढला, त्यो तेलानं उतरंल."

पुजाऱ्यांनी यात शास्त्र शोधून पाहिलं, विरुद्ध काही सापडलं नाही. सोमवारी नळाला पाणी आलं. व्यंकटरावांनी डोक्यावरून अंघोळ केली, सोवळं नेसलं आणि गाडी भर दुपारच्या उन्हात उभी केली. कोमट तिळाचं तेल बोटांनी शेंदराच्या कडेकडेनं सोडत ते तीन तास बॉनेटमध्ये वाकून होते. ऊन वरून तापवत होतं, तेल आतून मुरत होतं. चार वाजता त्यांच्या दोन्ही तळव्यांत, डोळ्यांसकट, एका तुकड्यात, तो सबंध मारुती आला. जड होता. लहान मूल झोपेत अंगावर टाकतं तसा.

त्याच्याखाली पत्रा कोरा करकरीत होता आणि नंबर असा स्पष्ट, की काल ठोकलेला वाटावा. व्यंकटरावांनी तुकडा उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला शेंदरात तोच नंबर उमटलेला होता, आरशात दिसावा तसा उलटा. त्यांनी तो मनातल्या मनात कागदाशी ताडून पाहिला. जुळत होता. मग त्यांनी देवाला तपासल्याबद्दल क्षमा मागितली.

मारुती विठ्ठलाच्या उजव्या हाताला कोनाड्यात बसला. ठसा ताजा लागला, साहेबांनी बूट न काढता सही केली, आणि अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी गाडी व्यंकटराव धानोरकर यांच्या नावावर झाली. त्या दुपारीच ते निघाले. ताशी तीसच्या वेगानं, मीनाक्षीबाई शेजारी, मागची सीट धुऊन वर पांढरी चादर. लासूर स्टेशनला बुवांच्या ओट्यासमोर त्यांनी हॉर्न वाजवला.

बुवा बाहेर आले. गाडी पाहिली. आणि व्यंकटरावांनी पाच महिने ज्या क्षणाची वाट पाहिली होती त्या क्षणी बुवांचा चेहरा हरखण्याऐवजी पडला.

"अहो व्यंकटराव," ते हळूच म्हणाले, "मी तुम्हाला नाही म्हणत होतो हो."

व्यंकटरावांनी इंजिन बंद केलं. मीनाक्षीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

"कंबर बरी आहे माझी," बुवा म्हणाले. "शब्द सांडतात. सहा वर्षांपूर्वी वैजापूरला उभा होतो, एक चरण म्हटला, पुढचा आलाच नाही. पेटीवाला बिचारा एकच सूर धरून बसला. लोक चांगले, कुणी हसलं नाही. त्यानंच जास्त लागलं. तुम्हाला खरं सांगवेना म्हणून तोंडाला येईल ते म्हणालो. आता जुनी अँबॅसेडर कुठून आणतील, म्हटलं."

व्यंकटरावांनी उतरून मागचं दार उघडलं. "कीर्तन राहू द्या, बुवा. पण बसून तरी पाहा. फार फिरून आली आहे ती."

बुवा बसले. सीट खरंच सोफ्यासारखी होती. त्यांनी हात पसरून चादरीवरून फिरवला आणि विचारलं, "मिळवली कशी हो?"

व्यंकटरावांनी सांगायला सुरुवात केली. त्रुटीपर्यंत आले तेव्हा बुवा म्हणाले, "मग?" इडलीपर्यंत आले तेव्हा "मग?" बॉनेट उघडलं तिथं बुवा पुढं सरकून बसले. मैदानात साहेब एका पायावर उभे राहिले तेव्हा हसता हसता त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर थाप मारली, आणि ती थाप तालात पडली. दुसरी पडली. मारुती कोनाड्यात बसला तिथं व्यंकटराव थांबले आणि बुवाच पहिल्यापासून सांगू लागले. खिडकीतली मुलगी बोलली, चंपाबाई बोलल्या, तुळजाराव फोनवर हसले. सगळं जसंच्या तसं, वर एखादी ओवी जागच्या जागी जुळवून.

"हे पाठ करावं लागत नाही," बुवा स्वतःशीच म्हणाले. "हे दिसतंय. व्यंकटराव, उद्या उत्तररंगाला हेच सांगितलं तर?"

व्यंकटरावांच्या डोळ्यांसमोर मंडप उभा राहिला. पाचशे माणसं. त्यात पाटबंधाऱ्यातले चारजण. स्वागताचं भाषण आपण करू, नारळ आपण देऊ, असं त्यांनी योजलं होतं. आख्यानातलं पात्र होण्याचं योजलं नव्हतं.

"सांगा," ते म्हणाले. "फक्त एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगतो, पण ती कीर्तनात नको." आणि त्यांनी पुढं वाकून बुवांच्या कानात काहीतरी सांगितलं. ते मीनाक्षीबाईंनाही ऐकू आलं नाही. बुवांनी त्यांच्याकडं फार मायेनं पाहिलं आणि म्हणाले, "नाही सांगत."

अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी मंडप भरला. पूर्वरंग बुवांनी थोडक्यात आटोपला आणि उत्तररंगाला हात लावला. "गाडी पाहायची काय, कागद पाहायचे," असं म्हणून ते असे उभे राहिले, हात मागं बांधून, की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी एका माणसाकडं वळून पाहिलं. तो माणूस बुवांच्या मागं झांज घेऊन उभा होता. मीनाक्षीबाईंनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. पुंडलिकराव स्वतःच्या शिट्टीवर स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले. अन्सारभाई मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, "नट काढतो, बोल्ट काढतो" आलं तेव्हा शेजारच्याला सांगत होते, "वो मैं."

चंपाबाईंचं बोलणं झालं. मंडप गंभीर झाला. व्यंकटरावांनी अंघोळ केली, सोवळं नेसलं, बॉनेट उघडलं.

आणि बुवा थांबले.

आधी लोकांना वाटलं, आलाप घेणार. पेटीनं सूर धरला. तबल्यानं एक आवर्तन भरलं, दुसरं भरलं. बुवांचा हात हवेत तसाच होता. पुढचं येत नव्हतं. व्यंकटरावांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, मान तेवढी दिसत होती. त्यांनाही पुढचं आठवेना, तेल की ऊन, ऊन की तेल. त्यांच्या डोक्यात त्या दुपारची एकच गोष्ट होती, काल बुवांच्या कानात सांगितलेली. समोर पाचशे माणसं होती, पाटबंधाऱ्यातले चारजण दुसऱ्या रांगेत होते. पेटीवाल्यानं तोच सूर पुन्हा धरला.

व्यंकटराव पुढं झाले. झांज खाली ठेवली.

"मग मी मारुतीला अर्ज लिहिला, बुवा," ते मोठ्यानं म्हणाले.

मंडपात कुणाला काही कळलं नाही. बुवा सावकाश वळले.

"अर्ज?" बुवा म्हणाले.

"दोन प्रतींत. आधी बॉनेटवर ठेवला, मग हात लावला."

हसू मागच्या रांगेतून निघालं आणि पुढं पोचेपर्यंत त्याचा गलका झाला. पाटबंधाऱ्यातले चारजण एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. बुवांचा हात खाली आला. त्यांनी चिपळ्या उचलल्या. डोळे चमकत होते.

"आणि विषय काय लिहिलात, महाराज?"

व्यंकटरावांनी टोपी नीट केली, हात मागं बांधले आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं :

"विषय : देवास त्याच्या सोयीनं देवळात रुजू होण्याची विनंती."

"विनंती," बुवांनी सूर लावला, आणि तिथून कथा वाहती झाली.